नानांच्या चित्रात मुंग्या

५ जानेवारी, गुरुवार

लागला! एकदाचा लागला! डोंगरावरच्या मनोऱ्यानं राजवाड्याच्या गच्चीवरची तबकडी पकडली आणि पडद्यावर शेजारच्या बेपोकुरोमचा राजवाडा लख्ख उमटला. त्यांच्या भिंतीवरची पालसुद्धा दिसली. पाल हलली तशी मी उडी मारली.

नानांना दाखवलं. नाना आमानिंग, या आसुओसो गावाचे राजे (इथं कुठल्याही राजाला नानाच म्हणतात), वय ऐंशीच्या पुढे. बसल्या जागी काहीतरी पुटपुटले. शेजारी सोनेरी मुठीची काठी घेऊन ओक्यामे आसुबोन्तेंग उभा. नाना पुटपुटणार, ओक्यामे मोठ्यानं सांगणार. राजाचं तोंड म्हणजे ओक्यामे. मला काही बोलायचं तर तेही ओक्यामेलाच, मग तो नानांना सांगणार. नाना माझ्यापासून हाताच्या अंतरावर, कान ठणठणीत — तरी!

नानांचा प्रश्न मला ऐकू आला होता. "जुन्या टीव्हीत मुंग्या यायच्या. यात कुठायत?" एवढंच. ओक्यामेनं काठी आपटली आणि म्हणाला, "नाना विचारतात, हे विजेच्या लेकरा! ज्या पांढऱ्या मुंग्यांनी आमचे कितीएक फुटबॉलचे सामने पोखरून खाल्ले, त्या आज कोणत्या वारुळात दडल्या?"

म्हटलं, सोपं आहे. जुना सिग्नल म्हणजे सूप. अखंड, वाहतं. या घरून त्या घरी वाडग्यानं ओतत न्यायचं. दर घरी थोडं सांडतं, थोडी धूळ पडते. वाटेत कोणी ते वाढवायला गेलं तर सुपाबरोबर धूळही वाढते. त्या धुळीच्याच मुंग्या. नवा सिग्नल म्हणजे अंड्यांचा ट्रे. खाचेत अंडं आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. चित्र, आवाज, सगळं आधी अशा आहे-नाहीत मोजून घ्यायचं. वाटेत अंड्यावर धूळ बसली तर बसू दे. पुढचा मनोरा एवढंच बघतो, इथं अंडं होतं का? होतं. मग तो स्वतःचं ताजं अंडं ठेवतो आणि ट्रे पुढे धाडतो. शेवटच्या घरी पहिल्याइतकंच ताजं!

नाना हसले. त्यांना समजलं. ओक्यामेनं मात्र ते सगळं पुन्हा नानांना सांगितलं, आणि त्यात एक कोंबडी आणि एक लढाई घुसडली.

नंतर मला ओसरीवर घेऊन गेला. चेहरा पडलेला. "म्हणजे भाचेबुवा, शब्द जसा निघाला तसाच पोचणार? मध्ये कोणी सावरणारच नाही?"

"नाही. म्हणून तर भारी!"

"भारी? अहो, हा उद्धटपणा झाला! मागे नाना म्हणाले, त्या बेपोकुरोमच्या बोकडाला सांग, ओढा ओलांडलास तर शिंगं उपटीन. मी जाऊन काय सांगितलं? नाना विचारतात, ओढ्याकाठचं गवत तुमच्या जनावरांना मानवतं ना? त्यांनी उलट कंदांची टोपली पाठवली. तुमचा ट्रे असता तर त्या दिवशी कोयते निघाले असते."

भाचेबुवा! आई या गावची, म्हणून सगळं गाव मला भाचा करून बसलंय. मी कुमासीत जन्मलो, त्या मोठ्या शहरातच वाढलो. इथं आलो ते आईच्या पदराला धरून एकदोन मयतींना. कंपनीनं मुद्दाम मलाच पाठवलं — "तुझं आजोळ आहे, जेवणाचा खर्च वाचेल."

असो. सोमवारी नाना कॅमेऱ्यासमोर "मिळालं" म्हणतील. गिऱ्हाईकानं स्वतः "मिळालं" म्हणायचं, त्याशिवाय काम संपत नाही, असा आमचा नियम. मग मी सुटलो! एक फेब्रुवारीपासून टेमा. समुद्राच्या तळातून येणाऱ्या केबलचं स्टेशन. केसाएवढ्या काचेतून अख्खा युरोप बोलतो तिथं. तीनदा अर्ज केला तेव्हा मिळालीय ही जागा. मनोऱ्यांवर चढून चढून गुडघे गेले, आता जरा पंख्याखाली बसू दे.

जाताना नानांनी स्वतःच्या हातानं मला मानाचं कोलाचं बी दिलं. कडू. पण खाल्लं.

८ जानेवारी, रविवार

वाळवंटाचा वारा सुटलाय. दातांत धूळ, सुपात धूळ. तबकडी दोनदा पुसली. सिग्नलला ढिम्म फरक नाही. शाबास!

९ जानेवारी, सोमवार

कॅमेरा लावून बसलो. नाना नाहीत.

ओक्यामे म्हणाला, "नाना गावी गेलेत."

"परत कधी?"

"रस्ता लांब आहे, भाचेबुवा."

समजलं. एवढं न समजायला मी काय परदेशातून आलोय? राजा गेला असं कोणी म्हणत नाही. पुढचं ठरेपर्यंत राजा 'गावी' असतो, आणि तोवर सगळं जसंच्या तसं चालू. छत्रीवाला छत्री घेऊन दाराशी. ढोल वेळच्या वेळी. फुफूचं, म्हणजे कुटलेल्या कंदाच्या गोळ्याचं, ताट झाकून आत जातं, रिकामं बाहेर येतं. (कोण खातं देव जाणे. ओक्यामेला मात्र सकाळपासून ढेकर येतायत.) ज्याच्या तोंडून ते वाक्य निघेल त्याला एक मेंढा दंड. म्हणून इथंही लिहीत नाही.

वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. म्हाताऱ्याला एका ऐकण्यात सगळं कळलं होतं. आमच्या साहेबांना अजून कळलेलं नाही.

मग लक्षात आलं — आता "मिळालं" कोण म्हणणार?

१० जानेवारी, मंगळवार

कंपनीतून टेटेसाहेबांचा फोन. "म्हणाले का मिळालं?"

"नाना गावी गेलेत, साहेब."

"मग गावी जा ना कॅमेरा घेऊन! पेट्रोल मी देतो."

"साहेब... *त्या* गावी."

मग म्हणाले, "अरेरे. पण न्सिया, नियम तो नियम. गिऱ्हाईकानं स्वतः म्हटल्याशिवाय तुला टेमाला सोडता येत नाही. तिथं रेंज मुळीच नाही का?"

विनोद करत नव्हते. खरंच विचारत होते! म्हटलं, नाही साहेब, तिथं आपला मनोरा नाही. म्हणाले, "बघ, काहीतरी कर."

१२ जानेवारी, गुरुवार

आज बोलावणं आलं. आतल्या चौकात राजमाता (तिचं नाव सेवा), ओक्यामे आणि चारपाच म्हातारे. राजमाता म्हणजे नानांची थोरली बहीण. अंगानं काटकुळी, पण ती खोकली तरी सगळे गप्प होतात.

प्रकरण असं. येत्या वीस तारखेला सुनावणी आहे, जिल्ह्याच्या राजेमंडळापुढे. ओढा कोणाचा, आसुओसोचा की बेपोकुरोमचा. यंदा सुनावणी पडद्यावरून — त्यासाठीच तर माझी तबकडी! राजा हजर नसला तर ओढा समोरच्याचा. आणि नानांचं 'ते' जाहीर केलं तर वर्षभर सुतक, सुनावणी बंद. तेवढ्यात बेपोकुरोमवाले वाळू उपसून ओढा गिळतील. गाव पाणी पितं ते त्याच ओढ्याचं.

म्हणजे नाना पडद्यावर दिसायला हवेत. फार नाही. जरासे.

ओक्यामे म्हणाला, "भाचेबुवा, तुमच्या त्या चित्रात थोड्या मुंग्या सोडा."

"काय?"

"मुंग्या हो! पूर्वीसारख्या. कोणीतरी बसलंय एवढं कळावं, कोण बसलंय ते कळू नये."

मी हसलो. कोणी हसलं नाही. सांगून पाहिलं, सात वर्षं मी मुंग्या घालवायचा पगार घेतो! आणि नव्या सिग्नलमध्ये मुंग्या येतच नाहीत. चित्र येतं किंवा येत नाही. अर्धवट असं काही नसतंच त्यात.

राजमाता पहिल्यांदा बोलली. "अर्धवट काहीच नाही? मग माणसं चालवतात कशी ते?"

मग सौदा झाला. मी मुंग्या आणायच्या. सुनावणी पार पडली की ओक्यामे कॅमेऱ्यासमोर नानांच्या वतीनं "मिळालं" म्हणणार. साहेबांना विचारलं. म्हणाले, "राजाचं तोंड म्हणजे राजाच की! चालेल." त्यांना मुंग्यांचं सांगितलं नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार

वायर सैल करून पाहिली. नानांच्या आरामखुर्चीत उशा रचल्या, वर त्यांचं भरजरी वस्त्र पांघरलं, डोक्याच्या जागी भोपळा. चित्र स्वच्छ. आणखी सैल. स्वच्छ. आणखी एक केसभर सैल केली आणि सगळ्या चित्राचे चौकोन चौकोन! भोपळा जागेवरच गोठला आणि खालचं अंग उजवीकडे सरकलं.

एक म्हातारा किंचाळला, "नानांचं शीर! नानांचं शीर धडावरून सरकलं!"

पळापळ. अपशकुन झाला म्हणून मेंढा कापला. बाटलीभर दारू जमिनीवर ओतून वाडवडिलांची माफी मागितली, आणि ती मला मागायला लावली. मी काय म्हणणार? म्हटलं, पूर्वजहो, सिग्नल तुटला, क्षमा असावी. ओक्यामेनं त्याचं काहीतरी लांबलचक केलं. पूर्वजांचं समाधान झालं असावं, कारण जेवायला मटण होतं.

१४ जानेवारी, शनिवार

तबकडी वाकडी केली. काही नाही, चित्र लख्ख. अजून वाकडी. लख्ख! बोटभर आणखी — पडदा काळा. मधलं काही नाहीच. कड्यापर्यंत सपाट रस्ता आणि एकदम दरी. हेच मी कॉलेजात पाठ करून पहिला आलो होतो. आज स्वतःच्याच विषयाचा राग आला.

१५ जानेवारी, रविवार

सुचलं! चर्चमध्ये सुचलं, उपदेश चालू असताना.

नव्या सिग्नलमध्ये मुंग्या आणायच्याच नाहीत. मुंग्या जुन्यातच करायच्या आणि नव्यानं त्या पोचवायच्या!

लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून जुना कॅमेरा आणला. न्हाव्याकडून ट्यूबचा टीव्ही. दोघांच्या मध्ये छतावरच्या ॲन्टेनाची जुनी गंजकी वायर, भिंतीभोवती वेटोळी घालून. वायर जितकी लांब तितकं चित्र पुसट. वर दोन ठिकाणी साल काढून ती जनरेटरला खेटवली. टीव्हीत मुंग्याच मुंग्या! आणि त्या टीव्हीपुढे माझा नवा कॅमेरा. म्हणजे काय, तर जगातली सगळ्यात अचूक लाइन, एकही ठिपका न गमावता, ताज्या ताज्या अंड्यांतून, कचरा पाठवणार.

भोपळा हलत नाही एवढीच अडचण. राजमाता म्हणाली, खरं माणूस पाहिजे. श्वास घेणारं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नानांच्या जागी उपऱ्यानं बसणं म्हणजे शाप. राजाचं पवित्र आसन जरी नसलं, नुसती आरामखुर्ची असली, तरी बसणारा त्याच घराण्याचा हवा, आणि तोही आईकडून. कारण इथं राजेपण बहिणीच्या पोटातून येतं, बायकोच्या नाही. घराण्यातले तरुण गेले अक्राला, लंडनला.

राजमातेनं माझ्याकडे पाहिलं आणि आईचं नाव घेतलं. "हा पोक्वाचा ना? पोक्वा माझ्या मावसबहिणीची."

म्हटलं, "फक्त टेस्टिंगसाठी. आणि सुनावणीपुरतं."

"हो, हो," ओक्यामे म्हणाला. "टेस्टिंग."

१६ जानेवारी, सोमवार

बसलो. अंगावर वीसेक हात कापड, पायात सोनेरी चपला. राजाचे उघडे पाय जमिनीला लागता कामा नयेत, म्हणजे उठून वायर हलवायला मला जाता येईना. मग मुंग्यांचं काम ओक्यामेकडे गेलं. जनरेटरपाशी वायर धरून बसला आणि पाहता पाहता पक्का झाला. "थोड्या जास्त! हां. आता नाकावरच्या कमी. नानांना नाक होतं." पठ्ठ्याला एवढा आनंद झालेला मी पाहिलाच नव्हता. "भाचेबुवा, याला म्हणतात पोचवणं! माणूस झाकला जातो आणि मान राहतो."

संध्याकाळी अझाराचा फोन. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर असायची, आता बेपोकुरोमची लाइन तिच्याकडे. मला घाम. आता ही विचारणार, हे काय लफडं आहे!

विचारलंच. "क्वाबेना, हे काय लावलंयस? इथं म्हातारे चक्रावलेत!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणतायत, त्यांच्या नानांचं तोंड झाकलेलं आणि आमचे नाना बाजारातल्या कोंबडीसारखे उघडे? आम्हालाही मुंग्या हव्यात! उद्याच्या उद्या!"

"तुमचे नाना... बरे आहेत ना?"

"बरे? आत्ताच मक्याचं केंके खाऊन माझ्यावर ओरडले. म्हणे, त्यांच्यापेक्षा जास्त मुंग्या पाहिजेत!"

म्हटलं, न्हाव्याकडे ट्यूबचा टीव्ही मिळतो का बघ.

१८ जानेवारी, बुधवार

राजेमंडळाच्या अध्यक्षांनाही हव्यात. त्यांचा माणूस जिल्ह्यातले सगळे भंगारवाले पालथे घालतोय. ज्या टीव्हीवर काल कोंबड्या बसत होत्या त्याला आज हार घालून मोटारीतून नेतायत. अझारा म्हणाली, इंजिनिअर झाल्याची लाज वाटते. मलाही. पण तिच्या मुंग्या माझ्यापेक्षा बारीक आणि एकसारख्या आल्यात, ते काही मला सहन झालं नाही. दुपारभर वायर घासत बसलो.

२० जानेवारी, शुक्रवार

झाली सुनावणी. कसं लिहू?

तीन पडदे. तिन्हींवर फक्त मुंग्या. कोण कुठं बसलंय कोणाला दिसेना. अध्यक्षांचा ओक्यामे म्हणाला, इतकी भारदस्त सुनावणी या जिल्ह्यानं कधी पाहिली नाही.

मी खुर्चीत. आमचा ओक्यामे एका हातात काठी, एका हातात वायर. बेपोकुरोमच्या नानांनी सुरुवात केली, त्यांच्या ओक्यामेमार्फत. "आमचे नाना विचारतात, आसुओसोचे सूर्य आज इतके शांत का?"

मी कुजबुजलो, "काय बोलू? पाठ खाजतेय माझी."

काठी आपटली. "नाना म्हणतात — जुनी खाज तिथंच असते जिथं स्वतःचा हात पोचत नाही. तिथं शेजाऱ्याचाच हात लागतो!"

पलीकडे "ऊंऽऽ" असा मोठा हुंकार. अध्यक्षसुद्धा मान हलवत असावेत, मुंग्या हलल्या.

मग बाचाबाची. आमच्या आजोबांनी झाड लावलं, तुमच्या आजोबांनी ते तोडलं. नको नको ते निघालं. तास झाला, दीड झाला. कापडात उकडून माझा जीव चाललेला. मी वैतागून पुटपुटलो, नुसताच वैताग हो, "अरे, दोघांनीही वाळू उपसू नका ना! पाणी दोघं पितात. एक दिवस तुम्ही भरा, एक दिवस हे भरतील. झालं!"

ओक्यामे थांबला. माझ्याकडे पाहिलं. आणि पहिल्यांदाच, मी ऐकलं, त्यानं एकही शब्द बदलला नाही. जसंच्या तसं बोलला. माझा "झालं"सुद्धा!

मग बेपोकुरोमच्या पडद्यातून थेट त्या म्हाताऱ्याचाच आवाज आला, ओक्यामेशिवाय. "हे आमानिंगला आधी का नाही सुचलं?" त्यांच्या माणसांनी त्याला गप्प केलं. अध्यक्षांनी तोच निकाल लावला. ओढा दोघांचा, वाळू कोणाचीच नाही.

चौकात बायका नाचायला लागल्या. ओढा राहिला! माझे डोळे भरून आले, कापडाला पुसले. राजमाता माझ्याकडेच बघत होती.

२१ जानेवारी, शनिवार

"मिळालं" म्हणायला सांगितलं. ओक्यामे म्हणाला, आज नाही, आज दमलोय. ढेकर दिला.

२२ जानेवारी, रविवार

राजमातेकडे जेवण. फुफू, शेंगदाण्याचं सूप, आत आख्खं कोंबडं. स्वतः वाढत होती. मग म्हणाली, हात दाखव. बोटं मोजली. तोंड उघड. दात बघितले. अंगावर कुठं मोठा व्रण? फेफरं कधी आलं होतं का? रात्री घोरतोस का? दारू पिऊन कोणाला मारलंयस का?

लाजलो! हिच्या मनात कोणी नात आहे बहुतेक. म्हटलं, राजमाता, मी आता टेमाला चाललो, लग्नाचं एवढ्यात नाही. म्हणाली, "कळतं रे. जेव."

आईला फोन केला. ती उद्याच इकडे येतेय. मला निरोप द्यायला असेल. आवाज जड होता. म्हटलं, रडतेस काय, टेमा कुठं दूर आहे? म्हणाली, "नाही रे बाबा, टेमा दूर नाही."

२३ जानेवारी, सोमवार

पहाटे बंदुकीचे बार झाले. नाना गावाहून परत यायचे नाहीत. आता उघड झालं.

सगळं गाव लाल-काळ्यात. मीही काळा शर्ट घातला. खूप रडलो. दोन दिवसांची ओळख, आणि त्यांच्या चपला घालून बसलो म्हणून की काय, माझ्याच घरातलं गेल्यासारखं वाटलं.

२४ जानेवारी, मंगळवार

मिळालं!!! ओक्यामेनं कॅमेऱ्यासमोर म्हटलं! "आसुओसोचं आसन म्हणतं, मिळालं." लगेच पाठवून दिलं. साहेबांचा फोन, "शाब्बास न्सिया! सुटलास! टेमावाले वाट बघतायत." ओक्यामेनं मला मिठी मारली आणि सोडेचना. म्हटलं, बास हो, काका, येईन मी परत कधीतरी. तो म्हणाला, "भाचेबुवा, तुमच्या मुंग्यांसारखी सेवा या राजवाड्याची कोणी केली नाही."

बॅग भरली. टेस्टर, क्रिम्पिंगची पक्कड, दोन शर्ट. टीव्ही न्हाव्याला परत. अझाराला कळवलं, पुढच्या वेळी समुद्राखालून बोलू. उद्या सकाळची पहिली गाडी. आई कुठं गेलीय कोण जाणे, आल्यापासून राजमातेकडेच बसलीय. तिथूनच निरोप घेईन.

तारीख माहीत नाही

स्टँडवर मागून आठदहा जणांनी धरलं. अंगाला पांढरी माती फासली. बॅग कुठंय माहीत नाही. एक खोली, चाळीस दिवस, म्हणे. फोन नाही. या वहीला राजमातेनं हात लावू दिला नाही कोणाला, तेवढं बरं.

आई बाहेर आहे. रडतेय की गातेय, भिंतीतून कळत नाही.

आता मी कोणाशी थेट बोलायचं नाही. ओक्यामे आत आला, गुडघे टेकले. मी त्याचा हात घट्ट धरून सांगितलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, "मला सोडा. मला घरी जायचंय. जसंच्या तसं सांगा. एकही शब्द बदलू नका." त्यानं तीनदा मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. बाहेर गेला. काठी आपटल्याचा आवाज आला.

"नाना म्हणतात — आम्ही घरी आलो!"

ढोल सुरू झालेत.